टीव्हीवर गेम खेळताना माउस जड का लागतो, आणि त्यासाठी मॉनिटर घ्यायलाच हवा का

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घरात दोन वर्षांपूर्वी घेतलेला ४३ इंची ४के टीव्ही आहे, आता आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड टाकून नवीन पीसी बनवलाय, मॉनिटरला पैसे उरले नाहीत म्हणून पीसी टीव्हीलाच जोडला, आणि व्हॅलोरंट हा बंदुकीचा ऑनलाइन गेम उघडलं तर माउस "पाण्यात फिरवल्यासारखा" लागतोय, वर डेस्कटॉपवरची बारीक अक्षरं पण फाटल्यासारखी दिसतायत. मित्र म्हणतो टीव्हीवर गेमिंग होतच नसतं, दुकानदार म्हणतो कार्ड काढून आणा चेक करू, आणि तुम्ही विचारताय की उसने पैसे घेऊन १५ हजारांचा मॉनिटर घेऊन टाकू का.

आधी थांबा, उसने घेऊ नका. सांगलीत चौदा वर्षं पीसी जोडतोय, त्यातले बरेच मी स्वतः लोकांच्या हॉलमध्ये जाऊन टीव्हीला लावून दिलेत, आणि तुम्ही लिहिलेली दोन्ही लक्षणं मला तोंडपाठ आहेत. कार्ड बिघडल्याची ही लक्षणं नव्हेत. बहुतेक वेळा टीव्हीच्या सेटिंगमध्ये अर्धा तास घातला की यातलं बरंचसं जातं. सगळं जाईल असं मात्र म्हणत नाही, कारण ते तुमच्या टीव्हीच्या मॉडेलवर आहे आणि तुम्ही किती सिरियसली रँक्ड (क्रमवारीचे सामने) खेळता त्याच्यावर पण आहे, त्याबद्दल खाली लिहितो.

मुळात हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे सेटिंग आंधळेपणाने फिरवत बसायला लागणार नाही. टीव्ही बनवलाय तो लांबून सोफ्यावर बसून मालिका आणि मॅच बघायला. डिशवरून येणारं चित्र असतं कमी रिझोल्यूशनचं, दाबलेलं, त्यात मुंग्या असतात, कडा मऊ असतात, मग टीव्ही काय करतो की आलेलं प्रत्येक चित्र आधी स्वतःजवळ धरून ठेवतो, त्याला धुतो, शार्प करतो, रंग भडक करतो, दोन फ्रेमच्या (एकेका चित्राच्या) मधली एक खोटी फ्रेम स्वतः बनवून घालतो म्हणजे बॉल सुळकन गेल्यासारखा दिसतो. आता मधली फ्रेम बनवायची तर पुढची फ्रेम हातात असल्याशिवाय ती बनूच शकत नाही, म्हणजे टीव्हीला थांबावंच लागतं. मालिका बघताना हे थांबणं कुणाला कळतच नाही कारण आवाज पण तेवढाच उशिरा सोडतात. पण तुमच्या हातात माउस असला की लगेच कळतं, कारण हात आत्ता हलला आणि क्रॉसहेअर (नेमाचं चिन्ह) मागून आलं.

आकड्यात सांगायचं तर ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. साध्या स्टँडर्ड किंवा व्हिव्हिड मोडमध्ये बरेच टीव्ही ५० ते १०० मिलिसेकंद, काही त्याच्याही वर उशीर करतात. १०० धरले तर तुम्ही सहा फ्रेम जुनं जग बघून गोळी मारताय. समोरचा तोवर भिंतीआड गेलेला असतो. तोच टीव्ही गेम मोडमध्ये टाकला की ही नटवानटवी बंद होते आणि चांगल्या टीव्हीत उशीर १० ते १५ मिलिसेकंदांवर येतो. पॅनेल तेच, टीव्ही तोच. म्हणून मी नेहमी सांगतो की टीव्ही वाईट नसतो, त्याला मध्ये मध्ये करायची सवय असते, ती फक्त मोडायची.

आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी ट्यूबच्या टीव्हीला कॅसेटवाला व्हिडिओ गेम लावून काँट्रा खेळलाय त्यांना आठवेल, लॅग, म्हणजे हा उशीर, असलं काही तेव्हा माहितीच नव्हतं. त्या टीव्हीत चित्र साठवून ठेवायची सोयच नव्हती, सिग्नल आला तसा ओळीने काचेवर उमटत गेला. सोबत मिळणारी ती बदकं मारायची बंदूक आजच्या एलईडी टीव्हीवर चालत नाही ती याचमुळे, चित्र बरोबर त्या क्षणी काचेवर असेल यावर तिचं सगळं गणित बांधलेलं होतं.

आता काही बदलण्याआधी आत्ता किती उशीर होतोय ते मोजा, नाहीतर नंतर "थोडं बरं वाटतंय" यावरच वाद घालत बसाल. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये २४० फ्रेम प्रति सेकंद असं काही असेल तर ते लावा. प्रॅक्टिस रेंजमध्ये जा, बंदूक हातात घ्या, मोबाइल असा टेकवून ठेवा की माउसवरचं तुमचं बोट आणि टीव्ही दोन्ही एका चौकटीत येतील, आणि क्लिक करा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बोट खाली दबल्यापासून स्क्रीनवर ठिणगी दिसेपर्यंत फ्रेम मोजा. प्रत्येक फ्रेम साधारण ४.२ मिलिसेकंदांची. पाच सहा वेळा करा आणि सरासरी काढा. या आकड्यात माउस, पीसी आणि गेमचा उशीर पण मिसळलेला असतो, त्यामुळे त्या एकट्या आकड्याला अर्थ नाही, सेटिंग बदलण्याआधीचा आणि नंतरचा असा फरक बघायचा. गेल्या दिवाळीत असाच एक अकरावीतला पोरगा त्याच्या बाबांना घेऊन दुकानात आला होता, पीसी परत घ्या म्हणून. त्याच्या घरी जाऊन टीव्हीवर हा व्हिडिओ काढला, २९ फ्रेम आल्या, मग गेम मोड टाकून काढला तर ११. बाबांनी स्वतः मोजल्या, मोबाइल हातात घेऊन, बोटाने एकेक फ्रेम ढकलत. पीसी तिथेच राहिला.

चला, आता प्रत्यक्ष. पहिली गोष्ट, एचडीएमआय केबल कार्डालाच लावलीय ना बघा. वर मदरबोर्डाचा पोर्ट असतो, खाली आडवे असतात ते कार्डाचे. हसू नका, दर महिन्याला एक तरी पीसी असा येतो की कार्ड आत नुसतं बसून आहे आणि चित्र मदरबोर्डातून चाललंय.

दुसरं, टीव्हीच्या मागे कुठल्या पोर्टात लावलीय. टीव्हीचे सगळे एचडीएमआय सारखे नसतात, पूर्ण ताकदीचा कधी एकच असतो, शेजारी बारीक अक्षरात ४के ६० हर्ट्झ वगैरे लिहिलेलं असतं. आणि बरोबर पोर्टात लावून पण तो पोर्ट टीव्हीने मुळात दाबून ठेवलेला असतो, जुन्या डबड्यांशी जुळावं म्हणून. तो मोकळा करायचं सेटिंग प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने देते, सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, एलजीमध्ये डीप कलर, सोनीमध्ये एन्हान्स्ड फॉरमॅट. ज्या पोर्टला पीसी आहे त्या पोर्टसाठी ते ऑन करा.

तिसरं, त्या इनपुटचं नाव किंवा चिन्ह बदलून पीसी करा. नुसतं नाव बदलून काय होणार असं वाटेल, पण सॅमसंग आणि एलजीच्या बऱ्याच टीव्हीत ते नुसतं नाव नसतं, पीसी म्हटलं की टीव्ही चित्राशी वेगळं वागतो. मग पिक्चर मोड गेम. काही टीव्हीत पीसी आणि गेम दोन्ही एकत्र नीट चालत नाहीत, गेम मोड टाकला की अक्षरं परत बिघडतात, तसं झालं तर खेळताना गेम आणि काम करताना पीसी असं ठेवायचं, दुसरा इलाज नाही. गेम मोड त्याच इनपुटला लावा म्हणजे घरच्यांच्या डिशच्या चॅनलचं चित्र जसं होतं तसं राहील, कुणी ओरडणार नाही.

मग उरलेली साफसफाई. मोशनवालं जे काही असेल ते बंद, नॉइज रिडक्शन बंद, खोलीच्या उजेडाप्रमाणे ब्राइटनेस बदलणारं इको बंद. शार्पनेस खाली आणा, बहुतेक टीव्हीत शून्याजवळ, सोनीत मधला ५० म्हणजे काही न केलेलं चित्र. आणि टास्कबार कडेने कापला जात असेल तर आस्पेक्ट रेशोमध्ये जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट, फुल पिक्सेल असं जे नाव असेल ते निवडा. टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा कापतो ही ट्यूबच्या जमान्यातली सवय आहे आणि ती अजून बऱ्याच टीव्हीत तशीच चालू येते. यात एक एक पिक्सेल ताणला जातो, म्हणजे अक्षरं फाटायचं अर्धं कारण हेच असू शकतं.

अक्षरांचं उरलेलं अर्धं कारण जरा आतलं आहे. व्हिडिओमध्ये जागा वाचवायला उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची पाठवतात पण रंगाची माहिती चार पिक्सेलना मिळून एक पाठवतात, याला ४:२:० म्हणतात. सिनेमाला काही फरक पडत नाही, पण कॉम्प्युटरवरचं अक्षर एक दोन पिक्सेल जाड असतं, त्याचा रंग शेजारच्या पिक्सेलवर सांडतो. आपल्याला पाहिजे ४:४:४, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला त्याचा स्वतःचा रंग. जुन्या एचडीएमआय २.० च्या १८ गिगाबिटमध्ये ४के ६० हर्ट्झ ८ बिट रंगाला हे बसतं, जास्त छटांच्या १० बिटला बसत नाही. म्हणून साध्या टीव्हीवर विंडोजमध्ये एचडीआर (जास्त उजेड आणि छटा दाखवणारा मोड, त्याला सहसा १० बिट लागतं) चालू केलं की अक्षरं अजून बिघडल्याची तक्रार येते. खरं सांगू, या बजेटच्या टीव्हीत एचडीआर दाखवण्याएवढा उजेडच नसतो, बंदच ठेवा.

तपासायची सोपी रीत आहे. पेंट उघडा, सगळा पडदा काळा किंवा निळा भरा, त्यावर लाल रंगाने लहान साइझमध्ये तुमचं नाव टाइप करा, झूम १०० टक्के. लाल अक्षराच्या कडा स्वच्छ दिसल्या तर ४:४:४ मिळतंय. अक्षर पुसट, ओलं झाल्यासारखं, कडेला डाग पसरल्यासारखं दिसलं तर अजून पोर्टाचं किंवा पीसी मोडचं सेटिंग राहिलंय, परत मागे जा.

मग एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये चेंज रिझोल्यूशनला जा. तिथे वर टीव्हीची रिझोल्यूशन्स असतात, लोक पहिलंच निवडून मोकळे होतात. खाली सरकवा, पीसी असं वेगळं हेडिंग आहे त्याखालचं ३८४० बाय २१६० निवडा, ६० हर्ट्झ, आणि खाली कलर फॉरमॅट आरजीबी, डायनॅमिक रेंज फुल. टीव्हीत ब्लॅक लेव्हल म्हणून जे सेटिंग असतं ते पण याच्याशी जुळलं पाहिजे. पीसी फुल पाठवतोय आणि टीव्ही लिमिटेड समजतोय तर अंधारातला माणूस काळ्यात बुडतो, दिसतच नाही, आणि उलटं असेल तर सगळं चित्र राख फासल्यासारखं पांढरट. गेममध्ये अंधाऱ्या कोपऱ्यात उभा असलेला शत्रू दिसत नाही म्हणून गॅमा वाढवत बसलेले खूप जण बघितलेत, चूक इथे असते. विंडोजमध्ये स्केलिंग १५० टक्के ठेवा आणि क्लियरटाइप (विंडोजमधलं अक्षरं नीट करायचं सेटिंग) एकदा चालवून घ्या.

आता जे सेटिंगने जात नाही ते. तुमचा टीव्ही जवळपास नक्की ६० हर्ट्झचा असणार. खोक्यावर १२०, २०० असले आकडे असतील तरी ते मोशनच्या खोट्या फ्रेमांचे असतात. विंडोजमध्ये अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेटची यादी उघडा, तिथे जे दिसतं त्याच्यावर विश्वास ठेवा. एक मात्र करून बघा, रिझोल्यूशन १०८०पी ला आणा आणि परत यादी बघा, काही ४के टीव्ही १०८०पी ला १२० घेतात. घेत असेल तर रँक्ड त्यावरच खेळा, चित्र मऊ दिसेल पण हाताला फरक कळेल, कारण फ्रेम १६.७ वरून ८.३ मिलिसेकंदांवर येते. नसेल घेत तर व्हॅलोरंटमध्ये व्ही-सिंक (कार्डाच्या फ्रेम टीव्हीच्या वेगाला बांधणारं सेटिंग) बंद ठेवा, फ्रेम रेट मोकळा सोडा, व्हॅलोरंट हलका गेम आहे, ३०६० ला त्याचं ओझं नाही. ६० हर्ट्झवर कार्ड जास्त फ्रेम काढत असेल तर टीव्हीला निदान ताजी फ्रेम मिळते, बदल्यात चित्र मध्ये फाटल्यासारखं दिसेल, ते सोसा. रेड डेड आणि जीटीएसारख्या गोष्टीच्या गेमना याच्या बरोबर उलटं, तिथे व्ही-सिंक चालू, ६० ला बांधून टाका, निवांत खेळा. रेड डेड २ ला डीएलएसएस (लहान चित्र काढून ते हुशारीने मोठं करणारी कार्डाची सोय) आहे, ४के निवडून परफॉर्मन्स मोड लावलात तर कार्डाला आतून १०८०पी एवढंच काम करावं लागतं आणि टीव्हीला ४के जातं, टीव्हीने स्वतः १०८०पी ताणण्यापेक्षा हे पुष्कळ चांगलं दिसतं.

तर मॉनिटर घ्यायचा का. माझं मत स्पष्ट आहे, तुम्ही गोष्टीचे गेम, फिफा, रेसिंग, कंट्रोलरने खेळायचं काही खेळत असाल तर नीट सेट केलेला ४३ इंची टीव्ही हा १५ हजारांच्या मॉनिटरपेक्षा मोठा आनंद देतो. पण व्हॅलोरंट रोज दोन तीन तास खेळता, रँक वर न्यायचाय, तर ६० हर्ट्झ ही भिंत आहे, तिथे २४ इंची १४४ किंवा १६५ हर्ट्झचा आयपीएस (पॅनेलचा एक प्रकार) मॉनिटर घ्यावाच, फक्त उसने घेऊन नको, तीन चार महिने साठवून. तोवर टीव्ही गेम मोडमध्ये खेळायच्या लायकीचा होईल. गेम मोडमध्ये टाकून पण मोबाइलच्या मोजणीत काहीच फरक पडला नाही, तर समजा की त्या मॉडेलचा गेम मोड नुसता रंग बदलणारा आहे, असे स्वस्त टीव्ही असतात, मग मात्र पहिल्या पगारात मॉनिटर.

आणि बसता कुठे ते तुम्ही लिहिलं नाही. ४३ इंची टीव्ही जवळजवळ ९५ सेंटिमीटर रुंद असतो. दोन फुटी टेबलावर ठेवून समोर बसलात तर कोपऱ्यातला मॅप बघायला मान वळवावी लागते, सामन्यात ते महाग पडतं आणि तासाभरात मान धरते. साडेतीन फूट तरी मागे सरका, नाहीतर गेम छोट्या खिडकीत १९२० बाय १०८० ला चालवा, ४के वर ती बरोबर साडेएकवीस इंचांची होते, मधोमध ठेवा, मॉनिटरच समजा. रात्री बॅकलाइट निम्म्यावर आणा, टीव्हीचा मूळ उजेड दिवसाच्या हॉलसाठी ठरवलेला असतो, हातभर अंतरावरून डोळे जळतात. भिंतीवर उंच टांगलेला असेल तर काढून खाली घ्या, वर बघत माउसचा नेम लागत नाही. आणि घरात एकच टीव्ही असेल तर संध्याकाळी सात ते दहा तो तुमचा नाही, हे धरूनच ठरवा.

एक राहिलं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या घरी अर्थिंग आहे का बघा. पीसीच्या कॅबिनेटला उघड्या पायाने हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) आतल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर व्होल्टेज तरंगत राहतं, करंट थोडासाच असतो, माणसाला चटका बसतो एवढंच, पण तुम्ही चालू पीसीची एचडीएमआय चालू टीव्हीत घुसवली की तो करंट त्या बारीक पिनांतून टीव्हीत जातो. त्यात केबलवाल्याची वायर टीव्हीला लागलेली असेल तर तिचं ग्राउंड अजून तिसऱ्याच बिल्डिंगवरून आलेलं. माझ्याच एका गिऱ्हाइकाचे टीव्हीचे दोन पोर्ट आणि कार्डाचा एक असे एका झटक्यात गेले, मी समोर उभा होतो, बारीक टक् असा आवाज आला आणि पडदा काळा. कार्डाचा तो पोर्ट दुरुस्त झाला नाही. तेव्हापासून मी घरी गेलो की आधी टेस्टर काढतो. तीन पिनचा सॉकेट वायरमनकडून तपासून घ्या, पीसी आणि टीव्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, आणि केबल लावताना काढताना दोन्हीची बटणं भिंतीवरून बंद, केबलवाल्याची वायर बाजूला, एचडीएमआय लावून झाली की मगच लाइट चालू.